‘छान होता’च्या पुढे: आमच्या हॉलमधलं सिनेमाचं एक वर्ष

३ डिसेंबर २०२३, रविवार. आमच्या सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी दहा ते बारा एवढंच उघडं असतं. मी पावणेदहालाच दारात उभी होते. हातात अर्ज होता, दोन प्रतींत: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत रहिवाशांना जुने-नवे चित्रपट दाखवण्यासाठी पोडियमवरील हॉल मिळावा.’ टपाल खात्यात तेहतीस वर्षं काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय मी कुठूनही हलत नाही. तुम्हीही हलू नका. पुढे ‘अर्ज आलाच नव्हता’ असं कोणी म्हणालं, तेव्हा तो शिक्काच कामाला आला.

आम्ही लालबागचे. जुनी चाळ पाडून तिच्या जागी बावीस मजली इमारत झाली आणि २०१९ साली आम्ही वर राहायला आलो. घर मोठं झालं, संडास घरात आला, पाणी चोवीस तास. पण गॅलरी गेली. चाळीत असताना गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. तिथून सगळं उलटं दिसायचं, नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा, पाटीवरची अक्षरं वाचता यायची नाहीत. तरी शेवटपर्यंत बसायचो, आणि दुसऱ्या दिवशी नळावर त्या सिनेमाची चर्चा व्हायची. कोण चुकलं, कोण बरोबर, आई अशी का वागली.

आता लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. हे एक कारण.

दुसरं कारण माझं एकटीचं आहे. चाळीस वर्षं सिनेमे पाहिले. वडिलांबरोबर भारतमाता थिएटरला, लग्नानंतर दादरच्या प्लाझाला. पण सिनेमा संपल्यावर कोणी विचारलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा: छान. नव्वदच्या दशकात ऑफिसमधली एक मैत्रीण मला प्रभात चित्र मंडळाच्या एका खेळाला घेऊन गेली होती. १९६८ पासून मुंबईत चालणारी ही फिल्म सोसायटी. तिथे सिनेमा संपल्यावर लोक थांबतात आणि बोलतात. मी गाडी चुकेल असं सांगून उठले. गाडी चुकणार नव्हती. कोणी माझं मत विचारलं तर काय सांगू, या भीतीने मी उठले होते. ती भीती निवृत्त झाल्यावरही तशीच होती, आणि ती एकदा घालवायची असं मी ठरवलं होतं.

१७ डिसेंबरच्या कमिटीच्या बैठकीत अर्ज पटलावर आला नाही. ७ जानेवारीला आला. हॉल लग्न, बारसं आणि तेराव्यासाठी आहे, असं एकाचं म्हणणं. आवाजाचं काय, गर्दीचं काय, बाहेरचे लोक आले तर जबाबदार कोण, असे प्रश्न. मला आत बोलावलं तेव्हा पाय थरथरत होते. मी लिहून नेलेलं वाचून दाखवलं: तिकीट नाही, बाहेरच्यांना निमंत्रण नाही, खुर्च्या साठहून जास्त नाहीत, मधली वाट मोकळी, रात्री नऊला दिवे लागलेले असतील. १४ जानेवारीला लेखी मंजुरी मिळाली. प्रत्येक खेळाला पाचशे रुपये देखभाल शुल्क, दोन हजार अनामत, खाणं आत न्यायचं नाही, चहा बाहेर पॅसेजमध्ये. अर्ज दिल्यापासून बरोबर सहा आठवडे लागले. अर्जात अटी आपणच आधी लिहून दिल्या तर बैठकीतला निम्मा वाद वाचतो, हे मला उशिरा कळलं.

खरा पेच पुढे होता. पाचव्या मजल्यावर सावंत वकील राहतात. त्यांना वाटेत सहज सांगितलं, तर ते थांबले आणि म्हणाले, “वहिनी, डीव्हीडीच्या मागे काय छापलंय ते वाचलंत का?” वाचलं. ‘केवळ घरगुती वापरासाठी.’ घरात चारजणांनी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये पन्नास जणांना दाखवणं वेगळं, मग पैसे घ्या अगर घेऊ नका. मी तिथेच खचले होते. पण त्यांनीच पुढे समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे २०२४ साली १९६३ पर्यंतचे चित्रपट त्या हक्कातून मोकळे झालेले. कथा आणि गाणी लिहिणाऱ्यांचे हक्क वेगळे मोजले जातात, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, त्यामुळे प्रत्येक चित्रपटाचं नाव त्यांना विचारूनच नक्की करायचं असं ठरलं. मी वहीत एक रेघ मारली. रेघेच्या वर १९६३ पर्यंतचे, रेघेखाली नंतरचे. वरचे आधी बघू, खालच्यांचं पुढे बघू.

सामान जमवताना शिकलेल्या गोष्टी सांगते, कारण त्या कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत. प्रोजेक्टर भाड्याने दिवसाला पंधराशे रुपये. हल्लीच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची जागाच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागला, अठराशे रुपये. दहा मीटरची एचडीएमआय केबल साडेसहाशे. छोटी घेतली तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप लोकांच्या पायात येतात. संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत येतं, त्यासाठी चौदा मीटर काळं कापड, आठशे चाळीस रुपये. स्पीकर गणपती मंडळाने दिले. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर चाचणी घेतली तर आवाज इतका घुमत होता की एक वाक्य कळेना. नुसत्या लाद्या आणि नुसत्या भिंती. तिसऱ्या मजल्यावरची सोनल म्हणाली, “काकू, भिंतीला गोधड्या लावू या.” मागच्या भिंतीला सहा गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या घातल्या, आणि घुमणं जवळजवळ थांबलं. चित्र थोडं फिकट असलं तरी म्हातारी माणसं बसतात. आवाज कळला नाही तर उठून जातात.

१० फेब्रुवारी, ‘संत तुकाराम’. १९३६ सालचा, प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांचा. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, तेवीस माणसं आली. पहिल्या दहा मिनिटांत दोघी उठून गेल्या. चित्र जुनं, आवाजात खरखर. मग हळूहळू हॉल शांत झाला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस गात होते आणि माझ्या पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं हातांनी ताल धरत होती.

लहानपणी हा चित्रपट मी वडिलांच्या मांडीवर पाहिला होता, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त तुकाराम होते. या वेळी मी सगळा वेळ जिजाईकडे बघत होते. गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा भजनात. ती पोराला ओढत देवळात नेते आणि पांडुरंगापुढे वहाण उगारते. आणि शेवटी विमान न्यायला येतं तेव्हा ती जात नाही, मागे राहते, कारण मुलांना जेवायला घालायचं असतं. तुकारामांचं थोरपण तिच्याशिवाय दिसलंच नसतं. दिग्दर्शकांनी तिला कुठेही दुष्ट केलेलं नाही. संताच्या बायकोला चूक न ठरवता संताची गोष्ट सांगायची, हे किती अवघड असेल. हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

दिवे लागले. मी उभी राहिले आणि विचारलं, “कसा वाटला?” कोणी काही बोललं नाही. मग मागून आवाज आला, “छान होता.” दुसरा म्हणाला, “हो, छान होता.” आणि मीही म्हणाले, “छान होता.” खुर्च्या उचलताना मला रडू येत होतं. एवढे कागद, एवढी धावपळ, आणि ज्या क्षणासाठी हे केलं त्या क्षणी मी पुन्हा तेच केलं.

त्या रात्री मी वहीत जिजाईबद्दल दोन पानं लिहिली. लिहिताना लक्षात आलं की माझ्या प्रश्नातच चूक होती. ‘कसा वाटला’ विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. ९ मार्चला ‘माणूस’ दाखवायचा होता. त्या वेळी मी विचारलं, “कुठला प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे? फक्त तो सांगा, मत नको.” आणि काय झालं सांगू, अकरा माणसं बोलली.

‘माणूस’ १९३९ सालचा, व्ही. शांतारामबापूंचा. शाहू मोडक हवालदार, शांता हुबळीकर मैना. कोठ्यावरची बाई आणि पोलीस यांच्या प्रेमाची गोष्ट, तीही पंचाऐंशी वर्षांपूर्वीची. ‘कशाला उद्याची बात’ सगळ्यांना पाठ होतं, पण ते गाणं ती कोणत्या जागी उभी राहून म्हणते हे फारच थोड्यांना माहीत होतं. तळमजल्यावरच्या शिंदे वहिनींचे यजमान पोलिसात होते. त्या म्हणाल्या की त्या हवालदाराच्या आईला भेटायला मैना घाबरत घाबरत येते तो प्रसंग त्यांना विसरता येणार नाही, कारण सासूपुढे पहिल्यांदा उभं राहताना त्यांचीही अशीच अवस्था होती. प्रसंग सांगता सांगता मत आपोआप बाहेर येतं. तेव्हापासून हाच नियम ठेवला. प्रत्येकाला दोन मिनिटं, जो कधी बोलत नाही त्याला आधी, आणि मोबाइलवर आलेलं कोणाचं परीक्षण वाचून दाखवायचं नाही.

माझं मत विचाराल तर ‘माणूस’ मला ‘संत तुकाराम’इतका पूर्ण वाटला नाही. मधला काही भाग नाटकासारखा चालतो. पण शेवट फार धीराचा आहे. मैना तुरुंगात जाते आणि हवालदाराने तिच्यासाठी आयुष्य संपवावं असं तिला वाटत नाही. दुःख झालं म्हणून माणसाने कामावर जायचं थांबवायचं नाही, हे गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना सांगावं लागत नाही.

एप्रिलमध्ये ‘श्यामची आई’, १९५३, आचार्य अत्र्यांचा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला. गर्दी सगळ्यात जास्त झाली, बावन्न. मोठी माणसं रडली. नववीतली एक मुलगी मात्र म्हणाली, “सगळे आईकडून शिकतात, पण आईला काय हवं होतं ते कोणी विचारलंच नाही.” हॉलमध्ये काही जणांना ते आवडलं नाही. मला ती मुलगी बरोबर वाटली आणि चित्रपटही तितकाच थोर वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मी त्या दिवशी मोठ्याने बोलून दाखवलं. सगळ्यांसमोर माझं असं ते पहिलं वाक्य.

मे महिन्यात अर्धी इमारत कोकणात जाते आणि २० मेला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे खेळ ठेवला नाही. मे महिन्यात ठेवूच नका, खुर्च्या रिकाम्या राहतात.

८ जूनला ‘जगाच्या पाठीवर’. १९६०, राजा परांजपे. गदिमांची गाणी, सुधीर फडक्यांचं संगीत. मला यातली कथा योगायोगांवर फार टेकलेली वाटते, हे मी चहाच्या वेळी सांगितलंही. पण ‘एक धागा सुखाचा’ लागलं तेव्हा जे झालं ते सांगते. पहिल्या रांगेत कदमकाका बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, अख्खं आयुष्य कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. गाणं संपल्यावर ते आपल्या जागेवरूनच बोलले. म्हणाले, “साच्यावर धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची. गाठ चांगली बसली तर कापडात दिसत नाही, हाताला लागते. तपासणारा डोळ्यांनी बघायचा, आम्ही बोटांनी ओळखायचो.” एवढं बोलून थांबले. हे गाणं मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. त्यात गाठींचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी ते पुन्हा लावलं आणि सगळा वेळ काकांची बोटं आठवत होते.

आता रेघेखालचे चित्रपट. १९७० च्या दशकातला एक चित्रपट दाखवायचा म्हणून डीव्हीडीवरच्या पत्त्यावर जूनच्या सुरुवातीला रजिस्टर एडीने पत्र पाठवलं. एकोणीस दिवसांनी ‘पत्ता बदलला’ असा शेरा मारून परत आलं. सोनलने ई-मेल शोधून काढला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: एका खेळाचे पंधरा हजार रुपये, वर जीएसटी. आमची महिन्याची वर्गणी दोन-अडीच हजारांच्या वर कधी गेली नाही. हक्क त्यांचे आहेत, किंमत त्यांनी ठरवायची, यात मला काही गैर वाटत नाही. पण आमचं वर्ष तिथेच संपतंय की काय असं वाटलं.

उत्तराची वाट बघत असतानाच शिंदे वहिनींनी वाट काढली. “ज्याने त्याने घरी बघायचा आणि हॉलमध्ये नुसतं बोलायचं. बोलायला परवानगी लागत नाही ना?” नाही लागत. प्रोजेक्टरचं भाडंही वाचलं आणि नुसत्या चर्चेसाठी कमिटीने हॉल फुकट दिला. ज्यांच्या घरी सोय नाही त्यांना शेजाऱ्याने बोलवायचं, चार-पाचच्या वर नाही, घरच्यासारखं. मला आधी शंका होती की एकत्र न बघता चर्चा रंगणार नाही. उलट झालं. घरी बघितल्यामुळे लोक एखादा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघून येऊ लागले.

१३ जुलैला असा पहिला बोलण्याचा शनिवार, ‘सामना’वर. सत्तरच्या दशकातला, जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांचं लेखन. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर. यावर कोण बोलणार नाही? मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतर अजूनही लोक रोजच्या बोलण्यात वापरतात. तेवढंच नोंदवून पुढे जाते.

१० ऑगस्टला ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा, व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळवलेला. पहिल्या वेळी मला हा चित्रपट बघवला नव्हता. कॅमेरा हलत नाही, माणसं बोलतात, निघून जातात, तरी चित्र तिथेच. हॉलमध्येही निम्म्या लोकांची तीच तक्रार होती. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे गटारात काम करणाऱ्या माणसाने जीव दिला, असा आरोप. तारखेवर तारीख. सरकारी वकीलबाई कोर्टातून सुटून लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, ते सगळं सविस्तर दाखवलंय. ‘याचा खटल्याशी काय संबंध?’ असं एकाने विचारलं.

कदमकाका म्हणाले, “माझी केस चौदा वर्षं चालली.” १९८२ च्या गिरणी संपानंतरची थकबाकी. “दर तारखेला मी त्या बाकावर बसायचो. समोरच्या वकिलाला घरी जाऊन काय भाजी करायची असेल, याचा विचार मी पण करायचो. दुसरं काय करणार बसल्या बसल्या? या पोराने वाट बघणं दाखवलंय.”

मी घरी जाऊन ‘कोर्ट’ पुन्हा बघितला. सगळे निघून गेल्यावर कॅमेरा का थांबतो ते कळलं. माझं पहिलं मत चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, चित्रपट संथच आहे. पण संथ असणं हीच त्याची गोष्ट आहे, आणि ते मला एका गिरणी कामगाराने शिकवलं.

सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार दसऱ्याचा, म्हणून बैठक १९ तारखेला. ‘श्वास’, २००४, संदीप सावंत. डोळ्यांच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रियेत नातवाची दृष्टी जाणार, आणि त्याआधी आजोबा त्याला दवाखान्यातून उचलून जग दाखवायला घेऊन जातात. हा चित्रपट आम्ही ठेवावा की नाही यावर आठवडाभर मनात घोळत होतं. आम्ही परळच्या कुशीत राहतो. टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं, हातात फाइल, पायाशी पिशव्या, हे आमचं रोजचं दृश्य. इमारतीतल्या दोन घरांत हा आजार येऊन गेलेला. मी त्या दोन्ही घरी जाऊन आधी विचारलं. एका घराने नको म्हटलं आणि ते आले नाहीत. दुसऱ्या घरातल्या ताई आल्या आणि सगळ्यात जास्त त्याच बोलल्या. त्यांचं म्हणणं असं, की लोक आजोबांच्या मायेबद्दल बोलतात, पण चित्रपटात डॉक्टरलाही त्या मुलाला खरं सांगणं जड जातं, आणि ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय. अशा विषयावरचा चित्रपट ठेवणार असाल तर आधी घरोघर जाऊन विचारा. नुसता मेसेज टाकू नका.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, २० तारखेला मतदान. तोपर्यंत कोणाला सिनेमा सुचत नव्हता. २२ नोव्हेंबरला पायल कपाडियांचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ लागला. त्याच वर्षी कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला, मुंबईतल्या नर्सेसवरचा. मी वाचलं होतं की छाया कदम यात दवाखान्यात स्वयंपाक करणारी बाई झाल्या आहेत आणि तिचं घर जातं. मी ठरवलं, हा थिएटरात जाऊन बघायचा. २७ तारखेला बुधवारी सकाळच्या खेळाची नऊ तिकिटं काढली, प्रत्येकी एकशे ऐंशी. नऊही बायका. त्यात आक्का होत्या, पंचाहत्तर वर्षांच्या, ज्या २००४ नंतर थिएटरात गेल्याच नव्हत्या.

एक चूक माझी झाली. चित्रपट बराचसा मल्याळममध्ये आहे आणि खाली इंग्रजी अक्षरं. आक्कांना आणि आणखी दोघींना ती वाचता येत नव्हती. मी आणि सोनल दोघी टोकांना बसून हळू आवाजात सांगत राहिलो. खेळाला गर्दी नव्हती, म्हणून चाललं. तुम्ही नेणार असाल तर भाषा आधी बघा आणि गोष्ट थोडक्यात आधीच सांगून ठेवा.

पण छाया कदमांची पार्वती बोलू लागली तशी सांगायची गरज उरली नाही. नवरा गेला, घर बिल्डरला हवंय, आणि त्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या बाईकडे कागद नाही. कागदच नाही तर ती तिथे राहत होती हे सिद्ध कसं करणार? आक्कांनी माझा हात धरला आणि पुढचा अर्धा तास सोडला नाही. पार्वती बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते तेव्हा त्या सरळ होऊन बसल्या.

दुसरा भाग कोकणात, रत्नागिरीकडे. समुद्र, झाडी, संथ. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाशी प्रभा ही नर्स आपला दूरदेशीचा नवरा समजून बोलते, तो प्रसंग आमच्यातल्या पाचजणींना कळला नाही, मलाही लगेच कळला नाही. सोनलचं मत की ती मनातलं बोलते, समोर कोण आहे हे महत्त्वाचं नाही. शिंदे वहिनींना ते लांबवलेलं वाटलं. मला वाटतं, चित्रपटाचा मुंबईतला भाग मला घट्ट धरून होता, कोकणात गेल्यावर पकड थोडी सैल झाली, आणि कदाचित मुंबईतून सुटलेल्या बाईला तेवढी सैलता हवीच असते. यावर माझं मत अजून पक्कं नाही.

३० नोव्हेंबरला बैठक. आक्का वर्षभर जवळजवळ प्रत्येक बैठकीला आल्या होत्या, पण कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांची पाळी आधी. त्या म्हणाल्या, “भाडेपावती यांच्या नावावर होती. हे गेले. नाव बदलायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही. चाळ पाडायची ठरली तेव्हा साहेब म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी याच खोलीत लग्न होऊन आले. तो म्हणाला, कागद दाखवा.” तीन वर्षं त्या रेशनकार्ड, लाइट बिल, मुलाचा शाळेचा दाखला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घेऊन फिरत होत्या. आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो आणि मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. “तिने दगड मारला ना,” आक्का म्हणाल्या, “तो मला मारायचा होता.”

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. पहिल्या दिवशीची शांतता मला आठवली. ही वेगळी होती.

खर्चाचा हिशेब मागणारे पुष्कळजण भेटतात म्हणून लिहिते. चार खेळांचा हॉल दोन हजार, प्रोजेक्टर सहा हजार, ड्राइव्ह अठराशे, डीव्हीडी साडेअकराशे, केबल साडेसहाशे, कापड आठशे चाळीस, चहा सोळाशे. एकूण चौदा हजार चाळीस. वर्गणी आली अकरा हजार तीनशे, उरलेलं माझ्या पेन्शनमधून. अनामत परत मिळाली. थिएटरची तिकिटं ज्याची त्याने काढली. वर्गणी सोसायटीच्या खात्यातून फिरवू नका, वेगळी वही ठेवा आणि दर महिन्याला ती नोटीस बोर्डाखाली टांगा.

१५ डिसेंबर २०२४, रविवार, सकाळी दहा. नव्या वर्षाचा अर्ज, दोन प्रतींत. या वेळी खाली एकतीस सह्या होत्या. आदल्या संध्याकाळी सह्या घेत फिरताना आक्कांच्या दारात थांबले. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण नाव सावकाश लिहिलं, आणि पुढे खोली क्रमांकाच्या रकान्यात चाळीतला जुना नंबर लिहिला. मग थांबल्या, त्यावर एक रेघ ओढली आणि वर नवा नंबर लिहून कागद माझ्या हातात दिला.